रविवारची कंबर

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पँटी कापणारे. चाळीस वर्षं त्यांनी पुरुषांच्या कंबरा मोजल्या आणि एवढ्या वर्षांत आपल्या मापात पाव इंचाची चूक काढणारा माणूस भेटला नाही, असं ते स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणी सांगायची त्यांनी कधी वाट पाहिली नाही. त्यामुळे एका रविवारी लेकीने फोनवर "बाबा, तुमची कंबर किती?" असं विचारलं, तेव्हा टेपला हातही न लावता ते म्हणाले, "चौतीस."

"चौतीस कशी असेल? मागच्या वेळी मी आले तेव्हा शर्टाची बटणं कशीबशी तग धरून होती."

"शर्टाचं शर्टापाशी. पँट चौतीसची लागते. लग्नात चौतीसची होती, आजही चौतीसचीच."

"पण ती तुम्ही पोटाच्या खाली घालता. तिथे कंबर नसते, बाबा."

 पँट जिथे थांबते तिथे कंबर, हा मास्तरांचा आयुष्यभराचा सिद्धांत होता. त्याच्या वर जे काही पुढे आलेलं असतं त्याचा कारभार शर्टवाल्याकडे, पँटवाल्याने त्यात नाक खुपसायचं नाही. आणि आज त्यांच्या लेकीने, जिला सुईत दोरा ओवता येत नाही तिने, त्यांना कंबर कुठे असते हे शिकवायला घ्यावं, म्हणजे कमालच झाली.

पण लेक शिकवूनच राहिली. तिच्या ऑफिसात आरोग्यावर कुणाचं तरी व्याख्यान झालं होतं. सगळ्यात खालची बरगडी बोटाने चाचपायची, मग बाजूचं कुल्ल्याचं हाड चाचपायचं, दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप धरायची, श्वास सोडायचा आणि पोट आत न ओढता आकडा वाचायचा. जो आकडा येईल तो उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. वजनकाट्याला काय, हाडं किती आणि चरबी किती ते कळत नाही. पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी बसते ती हृदयाच्या आणि साखरेच्या मुळावर उठते, आणि ती कंबरेत दिसते.

"आईचं कधी कुणी मोजलंच नाही," लेक शेवटी म्हणाली.

आई, म्हणजे मास्तरांची बायको, दोन वर्षांपूर्वी दुकानातच खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती. हृदय बंद पडलं, असं सांगण्यात आलं. मास्तरांनी मुकाट्याने भिंतीवरची टेप काढली, बरगडी चाचपली, हाड चाचपलं आणि आकडा वाचला. एक्केचाळीस. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा एक्केचाळीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या मापात चूक काढली होती, तीही चांगली सात इंचांची.

मास्तरांची उंची पाच फूट सहा इंच. म्हणजे कंबर तेहतीसच्या आत हवी. लेकीने तिथल्या तिथे फर्मान काढलं: रोज पाऊण तास चालायचं, गोड बंद, रात्रीचं जेवण बेताचं, आणि दर रविवारी सकाळी अकरा वाजता ती फोन करणार आणि मास्तरांनी आकडा सांगायचा.

यात मास्तरांच्या हाती काय लागलं ते सांगायला हवं. बायको गेल्यापासून लेकीचा फोन यायचा, नाही असं नाही. "जेवलात का?" "हो." "गोळी घेतली?" "घेतली." "बरं मग, ठेवते." दीड मिनिट. दोघांचा एकमेकांवर जीव होता, पण बोलायचं काय हे दोघांनाही कधी जमलं नव्हतं. मधे आई असायची. ती याचं त्याला सांगायची, त्याचं याला. ती गेली आणि बाप-लेकीच्या मधला रस्ताच बंद झाला. आता मात्र कंबर होती. "किती?" "पावणेचाळीस." "मागच्या वेळी?" "चाळीस." "वा. चालताना दम लागतो का? कुठल्या रस्त्याने जाता? काय काय खाल्लं?" वीस-वीस मिनिटं. एकदा तर पस्तीस. मास्तर शनिवारी संध्याकाळपासूनच तयारीला लागत, म्हणजे सांगण्यासारख्या गोष्टी आठवून ठेवत: कोपऱ्यावरचा औषधवाला दुकान मोठं करतोय, पुलावरचा दिवा गेलाय, चालताना एक कुत्रं रोज बरोबर येतं. कंबरेच्या निमित्ताने हेही सगळं खपून जायचं.

एरवी आठवडाभर त्यांच्याशी बोलायचं कुणी? मोठं दुकान त्यांनी बायको गेल्यावर सोडलं होतं. लोक तयार कपडे घ्यायला लागले, तेव्हा पँटी कापणाऱ्याला कोण विचारतो. आता घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडून ते पँटी आखूड करायचे, चेन बदलायचे, शिवण उसवून सैल करायचे. लोक पिशवी ठेवायचे, "परवा येतो" म्हणायचे आणि जायचे. समोर एक इस्त्रीवाला होता. तो बोलायचा भरपूर, पण दुसऱ्याचं ऐकायची त्याला सवय नव्हती.

तर मास्तरांनी कंबर कसली. सहा महिन्यांत एक्केचाळीसवरून छत्तीसवर आले. लेक खूश, मास्तर तिच्याहून खूश. छत्तीसचा आकडा त्यांनी त्या रविवारी जरा ऐटीतच सांगितला.

"बाबा, तुम्ही तर कमाल केलीत," लेक म्हणाली. "आता तीन इंच राहिले, ते काय होतीलच. माझी काळजी मिटली. आता दर आठवड्याला विचारायची गरज नाही, नाही का?"

"नाही, नाही, गरज कसली," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

पुढच्या रविवारी अकरा वाजले, साडेअकरा झाले, बारा झाले. फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी त्यांनीच लावला, तर मागे गडबड ऐकू येत होती, आणि लेक म्हणाली, "काही विशेष नाही ना? मग मी संध्याकाळी करते." संध्याकाळ कधी झाली ते मास्तरांना कळलं, लेकीला कळलं नाही. खिडकीशी बसून त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या चार पँटी आखूड केल्या. बटणं पक्की केली, जी तशी पक्कीच होती.

बुधवारी मात्र तिचा फोन आला. रविवारचं राहूनच गेलं म्हणून चुटपुटत होती बिचारी. "सगळं ठीक ना? कंबर?" असं तिने जाता जाता विचारलं. मास्तर म्हणाले, "साडेसदतीस."

हे कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही. तशी जीभ सवयीची होती. दुकान चालत होतं तेव्हा ते गिऱ्हाइकाच्या कंबरेला टेप लावून आकडा मोठ्याने पुकारत, तो नेहमी इंचाने कमी. अडतीसच्या माणसाला सदतीस ऐकू येई, त्याची छाती फुगे आणि तो दोन पँटी टाकून जाई. गल्ल्यावर बसलेली बायको मान वर न करता वहीत अडतीस लिही. बोलायचं माप वेगळं, लिहायचं वेगळं. चाळीस वर्षांत तिने कधी विचारलं नाही आणि एकही पँट घट्ट झाली नाही. म्हणजे आकडा खोटा बोलायचा आणि काम खरं करायचं, हा मास्तरांचा धंदाच होता. फरक एवढाच की आता ऐकून दुरुस्त करणारं गल्ल्यावर कुणी नव्हतं.

"साडेसदतीस?" लेक म्हणाली. तिच्या मागची गडबड एकदम थांबली, म्हणजे ती बाहेर येऊन उभी राहिली असावी. "तीन आठवड्यांत दीड इंच? बाबा, काय खाताय तुम्ही? नीट सांगा मला."

त्या दिवशी ती अर्धा तास बोलली. शुक्रवारी पुन्हा फोन केला. रविवारी तर केलाच.

झालं, मास्तरांना किल्ली सापडली. एखाद्या आठवड्यात पाव इंच वाढवायचा, एखाद्या आठवड्यात तसाच ठेवायचा, मधेच कधी अर्धा उतरवायचा म्हणजे संशय येत नाही. शिंप्याचा हात, त्याला प्रमाण कुणी शिकवायला नको. आकडा चढला की फोन लांबायचा. मास्तरांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. फोन ठेवल्यावर कधीकधी आपण आपल्याच लेकीला फसवतोय या विचाराने त्यांना जेवण जायचं नाही. पण मग ते स्वतःची समजूत घालायचे की यात बिघडलं कुणाचं काय? आपली खरी कंबर तर उतरतेच आहे. तब्येत सुधारतेय, आणि लेकीचा आवाजही ऐकायला मिळतोय.

आणि खरी कंबर उतरतच होती. पस्तीस, चौतीस. तेहतीस झाली त्या दिवशी मास्तरांनी मशीनजवळ उभं राहून एकट्यानेच टेपकडे बघून मान डोलावली. कुणाला सांगायची सोय नव्हती. लेकीसाठी त्या आठवड्यात ते साडेएकोणचाळीस होते. पुढे बत्तीस झाली. मग चालणं कमी झालं तरी एकतीस झाली. पाय लवकर भरून यायचे, म्हणून ते पुलापर्यंत न जाता औषधवाल्याच्या दुकानावरूनच परत फिरत. तहान फार लागायची. मशीनशेजारी त्यांनी पाण्याची मोठी बाटली ठेवली होती, ती दुपारपर्यंत दोनदा भरावी लागे आणि तितक्याच वेळा उठावंही लागे. सुईचं भोक धूसर दिसे, म्हणून नवा चष्मा केला. महिन्याभरात तोही लागेनासा झाला. वय झालं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कंबर कमी म्हणजे तब्येत चांगली हे व्याख्यानात सांगितलं होतं, आणि मास्तरांचा आकड्यांवर विश्वास होता.

दुसऱ्या कुणाची पँट अशी ढगळ झाली असती तर चारचौघांच्या नजरेत आलं असतं. मास्तरांची कशी येणार? दर पंधरवड्याला ते आपली पँट उसवून बरोबर बेताची करत. अंगावर कापड कसं चापूनचोपून बसलेलं. आपला आजार माणूस किती सुबक शिवू शकतो याला काही सीमा नाही. एकट्या इस्त्रीवाल्याने एकदा हटकलं.

"मास्तर, फारच बारीक झालात हो."

"उतरवलंय वजन."

"मलाही सांगा की युक्ती. आमची ही मला ढोल म्हणते." आणि मग तो त्याच्या बायकोबद्दल पाऊण तास बोलत राहिला.

इकडे लेकीचा धीर सुटत चालला होता. तिने आधी रात्रीचं जेवण निम्मं करायला सांगितलं, मग सूपच प्या म्हणाली. मास्तर हो हो म्हणत, आणि सगळंच खोटं नको म्हणून निम्म्या गोष्टी पाळतही. शेवटी एका रविवारी त्यांच्या तोंडून एक्केचाळीस निघालं.

 "म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच आलो," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज ओला झाला. "बाबा, मी तुम्हालाही असंच जाऊ देणार नाही. गुरुवारी येते मी. दोन दिवस रजा काढते."

फोन ठेवला तेव्हा मास्तरांना आधी आनंद झाला. लेक वर्षभरात आली नव्हती. ती येणार, दोन दिवस राहणार. दोन मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला. ती एक्केचाळीसच्या बापाला बघायला येणार होती आणि घरात होता एकतीसचा. खोटं उघडं पडलं तर ती यापुढे फोनवर त्यांच्या एका शब्दावरही विश्वास ठेवणार नाही, आणि मग फोन तरी कशाला करेल? त्यांच्याकडे तीन दिवस होते आणि मशीन होतं.

मास्तरांनी काय केलं असेल ते शिवणकाम जाणणाऱ्याने ओळखलं असेलच. त्यांनी पोट शिवलं. जुन्या कोटाच्या खांद्यातला भरावा काढला, उशीतला कापूस काढून पिंजला, सुती अस्तराचे दोन तुकडे कापले. मापं घ्यायची गरज नव्हती. ते पोट त्यांनी वीस वर्षं अंगावर वागवलं होतं. त्याचा उतार कुठे सुरू होतो, बसल्यावर घडी कुठे पडते, डावीकडे जरा जास्त कसं झुकतं, सगळं पाठ होतं. तीन थर घातले, उभे-आडवे टाके मारले, मागे बांधायला चार नाड्या लावल्या. मग दोन पँटी उसवून पुन्हा पूर्वीच्या मापावर आणल्या. बुधवारी दुपारी त्यांनी ते बांधलं, वरून शर्ट चढवला आणि आरशात पाहिलं. चाळीस वर्षांत इतकं अचूक काम हातून झालं नव्हतं. खुर्चीत बसून पाहिलं, उठून पाहिलं. कापूस अंगाला लागून उबदार झाला होता. कंबरेभोवती असं काही उबदार लपेटलेलं त्यांना फार दिवसांत जाणवलं नव्हतं. काढायचं म्हणून ते आत गेले आणि न काढता तसेच पलंगावर बसून राहिले.

गुरुवारी लेक आली. दारात बॅग ठेवली आणि त्यांच्याकडे बघतच राहिली. "चेहरा किती उतरलाय तुमचा," ती म्हणाली. "गालफडं बसली आहेत. आणि पोट मात्र आहे तिथेच."

"घराण्याचं पोट आहे," मास्तर म्हणाले.

तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. डबे उघडून पाहिले, अर्धे रिकामे होते. साखरेचा डबा धुतलेला होता. ती गोंधळलेली दिसली. जेवायला समोरासमोर बसले, तेव्हा दोघांनाही पहिली दहा मिनिटं भाजीखेरीज विषय सापडला नाही. मग ती म्हणाली, "उद्या दहाला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तिकडूनच फोन करून ठेवला होता."

"डॉक्टर कशाला? तू आलीस ना."

"मी काय डॉक्टर आहे?"

मास्तरांच्या पोटात गोळा आला. अर्थात खऱ्या पोटात. खोटं होतं तसंच राहिलं.

सकाळी ते आजारी पडायच्या बेतात होते, पण आजारी म्हटलं तर डॉक्टरकडे जावंच लागतं, हे लक्षात येऊन गप्प राहिले. दवाखाना लहान होता. बाहेर चार खुर्च्या, आत टेबल आणि तपासायच्या पलंगाभोवती हिरवा पडदा. डॉक्टर साठीच्या बाई होत्या, सर्दीने बेजार, बोलणं मोजकं. त्यांनी लेकीला टेबलापाशी बसवलं आणि मास्तरांना पडद्यामागे नेलं. "शर्ट काढा," त्या म्हणाल्या.

"वरूनच नाही का बघता येणार?"

"नाही."

मास्तरांनी एकेक बटण काढलं. इतक्या सावकाश त्यांनी आयुष्यात बटण काढलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी ते अस्तराचं पोट पाहिलं, त्याच्या नाड्या पाहिल्या, टाक्यांवरून बोट फिरवलं. मग आवाज अगदी खाली आणून विचारलं, "हे कुणी शिवलं?"

"मीच."

"छान शिवलंय. सोडा."

ते सोडलं. खाली बनियन होतं आणि बनियनच्या खाली फारसं काही नव्हतं. पूर्वीच्या, चौतीसच्या मापाची पँट घसरायला लागली, ती त्यांनी मुठीत धरली. बाईंनी बरगडी चाचपली, हाड चाचपलं, मधोमध टेप लावली. मास्तरांनी श्वास सोडला. "एकतीस," बाई पुटपुटल्या. मग त्यांनी बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका लहान यंत्राला लावला आणि यंत्राकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. "तहान लागते? सारखं उठावं लागतं?"

"लागते. पण कंबर तर कमी झालीय, डॉक्टर. कमी होणं चांगलंच ना?"

"आपण कमी केली तर चांगलं. ती आपोआपच कमी व्हायला लागली, तर अंग आतून झिजतंय असं समजायचं. साखर तीनशे नव्वद आहे तुमची. आठवडाभर असेच घरी राहिला असता तर एखाद्या दिवशी मशीनवरच शुद्ध हरपली असती." त्या थांबल्या. "मला नीट सांगा, प्रयत्न न करता कमी व्हायला लागली ती कधीपासून? त्यावर माझा पुढचा तपास अवलंबून आहे."

हा प्रश्न त्या मोठ्याने बोलल्या, कारण सर्दीने त्यांचा आवाज फार वेळ खाली राहत नव्हता. पडद्यापलीकडून लेक म्हणाली, "कमी कुठे डॉक्टर, वाढतेय. मी सगळं लिहून ठेवलंय फोनमध्ये. वाचू का? मार्चमध्ये छत्तीस. मग साडेसदतीस. मग पावणेअडतीस, अडतीस, मधे एकदा पुन्हा साडेसदतीस, तेव्हा त्यांनी दोनदा चालणं वाढवलं होतं. मग सव्वाअडतीस..."

ती वाचत राहिली. साडेसदतीसनंतरचा एकही रविवार तिने सोडला नव्हता. प्रत्येक आकड्यापुढे मास्तरांनी सांगितलेलं काही ना काही टिपलेलं होतं: पाय दुखत होता, कुत्रं बरोबर आलं नाही, पुलावरचा दिवा लागला. मास्तर पँट मुठीत धरून पडद्याआड ऐकत उभे होते. आपण जाता जाता सांगितलेलं हिने लिहून ठेवलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघत होत्या. पलंगावर कापसाचं पोट पडलं होतं. ते पुन्हा बांधून बाहेर जायला कुणाची ना नव्हती. बाई काही बोलल्या नसत्या कदाचित, गोळ्या लिहून दिल्या असत्या आणि फोन पुढेही येत राहिला असता.

मास्तर तसेच, बनियनवर, पडद्याबाहेर आले.

लेक वाचता वाचता थांबली. तिने आधी त्यांच्या बरगड्यांकडे पाहिलं, मग मुठीत धरलेल्या पँटीकडे.

"ते आकडे खोटे आहेत," मास्तर म्हणाले. "छत्तीसपर्यंतचे खरे. पुढचे सगळे मी मनाने सांगितले. डॉक्टर, प्रयत्न करून छत्तीसपर्यंत आली. मग मी फारसं काही केलं नाही. उन्हाळ्यापासून आपोआप उतरतेय."

"का?" लेकीने विचारलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "कुणी असं का करेल, बाबा?"

"छत्तीस झाली तेव्हा तू म्हणालीस काळजी मिटली. मग तीन रविवार फोन आला नाही. वाढली की यायचा." त्यांनी पँट जरा वर ओढली. "मला तुझा फोन हवा होता. एकटं वाटतं गं."

डॉक्टरबाई कागदावर काहीतरी लिहू लागल्या आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ लिहीत राहिल्या. मग त्यांनी दोघांना जवळच्या इस्पितळात रक्त-लघवीच्या तपासणीला पाठवलं, रिपोर्ट बघूनच घरी जायचं, कदाचित दाखल व्हावं लागेल असं बजावलं, आणि कपाटातून पँट आवळायला एक पट्टा काढून मास्तरांच्या हातात दिला.

तपासणीच्या खोलीबाहेर लांब बाक होतं. त्यावर बाप-लेक तासभर बसले. मधे दोन माणसं मावतील इतकी जागा होती. लेक पहिला अर्धा तास भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "मी तुम्हाला नुसतं सूप प्यायला सांगितलं. साखर चारशेला टेकलेल्या, वाळत चाललेल्या माणसाला मी उपाशी ठेवत होते. तुम्ही पीत होतात का?"

"आठवड्यातून तीन-चार दिवस."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.  तिच्या पाठीवर हात ठेवावा असं मास्तरांना वाटलं, आणि हात उचलून त्यांनी तो बाकावर, तिच्या जवळ ठेवला.

"आई असती तर तिने पहिल्याच आठवड्यात पकडलं असतं तुम्हाला," ती हातांआडूनच म्हणाली.

"आई असती तर ही वेळच आली नसती."

ते खरं होतं. आतून कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, ते त्यांचं नव्हतं. लेकीने डोळे पुसले, सरळ बसली आणि ठरवल्यासारखं म्हणाली, "मी रविवारी फोन करणार. दर रविवारी, काही झालं तरी. पण कंबर विचारणार नाही. पुन्हा कधीच नाही."

"मग काय विचारशील?" मास्तर म्हणाले.

टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. लेकीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती विचार करू लागली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, लहानपणी गणित अडलं की पडायच्या तशा. जेवलात का, हे ती विचारू शकली असती. त्याला दीड मिनिट लागतं, हे दोघांनाही माहीत होतं. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं. मास्तरही तिच्या वतीने शोधत होते आणि त्यांनाही काही सापडत नव्हतं.  तिचे डोळे पुन्हा भरून येताहेत असं त्यांना दिसलं आणि त्यांना तिची फार दया आली.

"असू दे," ते म्हणाले. "कंबरच विचार. खरी सांगेन."

"बरं," लेक म्हणाली.